शटलवाल्याला ठरलेल्या भाड्यावर टिप कशाला?

अनवाणी
मार्चमध्ये ॲपलॅचियन ट्रेलचा, म्हणजे अमेरिकेतल्या त्या लांबलचक पायवाटेचा, जॉर्जियातला पहिला तुकडा चालून आलो. अटलांटाच्या नॉर्थ स्प्रिंग्स मेट्रो स्टेशनपासून ट्रेल जिथे सुरू होते त्या स्प्रिंगर डोंगराच्या माथ्याखालच्या पार्किंगपर्यंत शटल, म्हणजे ट्रेकर्सना सोडणारी भाड्याची गाडी, घेतली. भाडं फोनवरच ठरलं होतं, तेवढं मोजून दिलं. सोबतच्या मित्राने वर २० डॉलर काढून दिले आणि पुढचे चार दिवस मला चिंगूस म्हणून छळलं.

माझं म्हणणं सरळ आहे. गाडी त्याची, दर त्यानेच लावलेला. परवडत नसेल तर वाढवावा. वेटरची गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या फेडरल कायद्याने त्याला मालकाकडून तासाला २.१३ डॉलर मिळाले तरी चालतात, बाकीचं टिपेतून निघेल असं धरलेलं. हा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाही. शटलवाला कुठे कुणाच्या पगारावर आहे?

रानभूल
अहो, त्या पार्किंगला जाणारा रस्ता पाहिलात ना? फॉरेस्ट रोड ४२, कच्चा, खडीचा. पावसानंतर तिथे गाडी नेणं म्हणजे टायर आणि सस्पेंशन दोन्ही देवाच्या हवाली. तो रस्ता टाळायचा तर अमिकलोला धबधब्यापासून आठ-नऊ मैल चढून माथा गाठायचा, आणि ते मैल ट्रेलमध्ये मोजतसुद्धा नाहीत. त्याने तुमचा जवळजवळ एक दिवस वाचवला.

शिवाय तुम्ही उतरलात, तो रिकामाच परतला. सत्तरेक मैलांचे पैसे घेतले तरी गाडी एकशेचाळीस मैल पळते. गाडीच्या खर्चाचा अमेरिकन करखात्याचा २०२५ चा दर मैलाला ७० सेंट होता, म्हणजे गाडीचाच खर्च ९८ डॉलरच्या आसपास झाला. उरलं त्यात त्याचे तीन-चार तास. मी दर वेळी १५ टक्के देते.

अनवाणी
करखात्याच्या दरात टायर, विमा, घसारा सगळं आलं की. मग टायरचं वेगळं रडगाणं कशाला?

पायपीट
दोघंही एकाच माणसाबद्दल बोलताय असं वाटत नाही. शटल चालवणारे निदान तीन तऱ्हेचे. स्वतःची गाडी, स्वतःचा दर, बहुतेकदा निवृत्त माणूस: इथे मी अनवाणींच्या बाजूने. दुसरा ट्रेलजवळच्या, ट्रेकर्स उतरतात त्या होस्टेलचा पगारी पोरगा. भाडं मालकाच्या खिशात जातं, आपल्या घामट सॅका मात्र तो उचलतो. त्याला न देणं मला तरी बरं वाटत नाही. तिसरे ट्रेल एंजल, म्हणजे ट्रेकर्सना हौसेने मदत करणारे लोक. ते भाडंच सांगत नाहीत. तिथे ‘टिप’ म्हणून नोट पुढे केलीत तर माणूस दुखावेल. ‘पेट्रोलचे राहू द्या’ म्हणून द्यायचे, नाहीच घेतले तर आग्रह नको.

(आणि पाच दिवस अंघोळ न केलेल्यांनी सीटवर आपला टॉवेल टाकून बसावं. कुठल्याही टिपेपेक्षा त्याचं मोल जास्त.)

रानभूल
टॉवेलला अनुमोदन. पण मालक-चालकाचं पटलं नाही. विमानात स्टोव्हच्या गॅसचा कॅनिस्टर नेता येत नाही, म्हणून उतरल्यावर तो घ्यावाच लागतो. माझा ड्रायव्हर न सांगता दुकानाशी थांबला आणि मी रांगेत असेपर्यंत बाहेर ताटकळला. ते भाड्यात कुठे धरलं होतं?

अनवाणी
बरं, वाकडी वाट करून थांबला तर द्यावं, मान्य. पण रिकाम्या फेरीचं उत्तर अजून आलं नाही. ती भाड्यातच का धरत नाहीत?

रानभूल
धरली असती तर तुम्ही दुसऱ्याला फोन लावला असतात.

अनवाणी
लावलाच होता. तो ३० डॉलरने महाग निघाला.