अनुभव धागा : सत्राचा बेत आणि सोबतीची माणसे

जुनी वही

नवे सत्र सुरू झाले की वहीच्या पहिल्या पानावर वेळापत्रक आखण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना असेल. माझ्याजवळ एम.ए.च्या चार सत्रांची अशी चार पाने अजून आहेत. पहिल्या पानावर ‘पहाटे ५ ते ७ वाचन’ असे हिरव्या शाईत लिहिलेले आहे, आणि त्या संपूर्ण सत्रात मी एकदाही पाच वाजता उठलो नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही. चौथ्या पानावर फक्त तीन ओळी आहेत. वाचन कोणाबरोबर करायचे, टिपणे कोणाकडून आणायची आणि शुक्रवारी कोणाकडे जेवायचे, एवढेच त्यात आहे. ते एकच सत्र बेताप्रमाणे पार पडले.

कागदावरचा हिशेब सोपा दिसतो. सत्राचे २२ श्रेयांक (क्रेडिट) आणि लेखी विषयाच्या एका श्रेयांकाला १५ तासिका धरल्या, तर पंधरा आठवड्यांत ३३० तासिका होतात. त्यात अंतर्गत परीक्षा, गणपती, स्नेहसंमेलन, परीक्षा अर्जाची मुदत आणि घरून येणारे फोन धरलेले नसतात. म्हणून या धाग्यावर सगळ्यांना विचारतो : तुमचा बेत काय होता, प्रत्यक्षात काय झाले, आणि तो कोणामुळे मोडला किंवा कोणामुळे तरला? संस्थेविषयी तक्रार असल्यास कृपया नाव लिहू नये. आपला विषय माणसांचा आहे.

डोंगरवाट

मी कोल्हापुरात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि शाहूवाडी तालुक्यातल्या गावाहून रोज एस.टी.ने ये-जा करते. आमच्या गावात रात्री मुक्कामाची गाडी येते आणि पहाटे पावणेसहाला सुटते. ती चुकली तर पुढची गाडी साडेनऊला, म्हणजे पहिल्या दोन तासिका गेल्याच. विद्यार्थी पासामुळे एकतृतीयांश भाड्यात प्रवास होतो, पण दर महिन्याला पासाच्या खिडकीपुढे रांग लावावी लागते आणि प्रात्यक्षिक नेमके त्याच दिवशी असते, हा माझा दोन वर्षांचा अनुभव आहे.

पहिल्या सत्रात माझा बेत असा होता की, जाता-येता मिळून बसमध्ये तीन तास मिळतात, तेवढ्यात सेंद्रिय रसायनाचा अभ्यास उरकायचा. चौथ्याच दिवशी वळणावर वाचता वाचता मळमळायला लागले आणि पुस्तक पिशवीत गेले. हे ऐकून राजारामपुरीत खोली घेऊन राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने एक युक्ती काढली. ती रोज रात्री स्वतःचा अभ्यास करताना त्या प्रकरणाचा सारांश मोठ्याने वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करायची आणि मला पाठवायची. तिच्या त्या मुद्रणांत मधूनच ‘हितं लक्ष दे बघ, हे विचारतात’ असे यायचे, पलीकडून घरमालकीण काकूंचा कुकर शिट्टी द्यायचा, आणि एकदा तर अभिक्रियेची यंत्रणा अर्ध्यावर सोडून ती दार उघडायला गेलेली साडेचार मिनिटेही मुद्रित झाली होती. मी ती पूर्ण ऐकली, कारण पुढे ढकलले तर महत्त्वाचे काही सुटेल, अशी भीती होती.

माझ्याकडून तिला काय मिळाले, असे कोणी विचारेल. तिला प्रात्यक्षिकाची भीती वाटायची. ब्युरेट (द्रव थेंबाथेंबाने मोजून सोडायची काचनळी) हातात आले की हात थरथरायचे. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला तीस तास द्यावे लागत असल्यामुळे आम्ही प्रयोगशाळेत बराच वेळ एकत्र असायचो. मी शेजारी उभी राहून ‘आता थेंब थेंब सोड’ एवढेच म्हणायचे. तिचा जास्तीचा ॲप्रन आजही माझ्या नावाने तिच्या खोलीतल्या खुंटीवर असतो. पावसाळ्यात संध्याकाळची गाडी रद्द झाली की मी तिथेच राहते आणि काकू न विचारता दोन भाकरी जास्त थापतात.

शाईपेन

वर ‘डोंगरवाट’ यांनी लिहिलेल्या काकूंच्या भाकरी वाचून आमचा डबा आठवला. मी लातूर जिल्ह्यातला. २०१५ साली अर्थशास्त्रात एम.ए. करायला पुण्याला विद्यापीठात आलो. पहिल्या सत्राचा बेत साधा होता : कमवा व शिका योजनेत रोज तीन तास काम करायचे, उरलेला वेळ जयकर ग्रंथालयात बसायचे आणि घरून पैसे मागवायचे नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात रुजवलेली ही ‘कमवा आणि शिका’ची कल्पना आमच्या घरात माहीत होती, कारण वडिलांचे मोठे भाऊ तसेच शिकले होते.

त्या वर्षी गावाकडे पाऊस झाला नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सगळ्यांना आठवत असेल. त्याच सुमारास माझी दुसऱ्या सत्राची परीक्षा होती. दुष्काळी भागातील विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी मिळाली, पण जेवणाला माफी नसते. शिवाजीनगरला कॉट बेसिसवर राहणाऱ्या माझ्या मित्राने, तो उस्मानाबादचा, एके दिवशी परस्पर डबेवाल्या मावशींना सांगितले की आजपासून आमचा एकच डबा. मला विचारलेसुद्धा नाही.

एका डब्यात चार पोळ्या, एक भाजी, वरण आणि भात असे. दोन-दोन पोळ्या वाटून घेणे सोपे होते, भातही सुरीने रेघ मारून अर्धा करता येई; अडचण वरणाची होती. ते आम्ही डब्याच्या झाकणात ओतून घ्यायचो आणि ज्याने ओतले, त्याने दुसऱ्याला आधी निवडू द्यायचे, असा नियम केला होता. अर्थशास्त्राचे विद्यार्थी असल्यामुळे त्या नियमाचे आम्हाला फार कौतुक होते. रविवारी रात्री डबा बंद असे, तेव्हा दुपारच्या गोडाच्या जेवणातली एक पोळी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायची.

याला मी त्याग वगैरे म्हणणार नाही. भूक लागली की आम्ही भांडायचोही, आणि एकदा लोणच्याच्या फोडीवरून दोन दिवस बोलणे बंद होते. तिसऱ्या सत्रात त्याने वर्ग जवळजवळ सोडून दिले आणि सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या तयारीला बसला. मी पदवी पूर्ण केली. आता वर्षातून दोनदा फोन होतो. त्याचा बेत काय होता, हे मी तेव्हा कधी विचारलेच नाही, याची चुटपुट मात्र आहे.

पठारावरची

गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे, त्यामुळे जून ते सप्टेंबर छत्री उलटी होण्याचे दिवस. आमच्याकडे सत्रांतर्गत परीक्षेला सगळे ‘आयएसए’ म्हणतात, आणि त्या वर्षी एक आयएसए नेमकी चवथीची (गणेश चतुर्थीची) सुट्टी संपताच ठेवलेली होती. घरी जाऊन अभ्यास करीन, असा बेत मी केला. सत्तरी तालुक्यातल्या घरी चवथीला अभ्यास होत नाही, हे मला विसाव्या वर्षी तरी कळायला हवे होते.

माझ्याबरोबर सासष्टी तालुक्यातली एक मैत्रीण आली होती. ती वनस्पतिशास्त्राची, मी मराठीची. गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी काका रानातून सामान आणायला निघाले, तेव्हा ती वही घेऊन मागे गेली. कवंडळे, सुपारीची शिपटी आणि नारळाची पेंड (म्हणजे त्यांचे घड), आणि ज्यांची नावे मलाही नीट माहीत नव्हती अशी रानफळे तिने एकेक करून आजीला विचारून लिहून घेतली. आजी स्थानिक नाव सांगायची, ती शास्त्रीय नाव शोधायची, आणि मी मधे बसून दोन्ही लिहायचे. परत आल्यावर तिने त्यावरच आयएसएचे सादरीकरण केले आणि मी त्याच शब्दांवर भाषाशास्त्राचा निबंध लिहिला. माझा नियोजित विषय वेगळाच होता. शिक्षकांनी बदलाला परवानगी दिली.

जुना बाक

आमच्या वेळी, म्हणजे १९८८ साली, परीक्षा वार्षिक होती. त्यामुळे बेत मार्चमध्ये आखला जाई आणि तोवर मैत्री बाराही महिने मोकळी असे. तुमच्या सत्रांचा वेग वाचून दम लागतो.

पाव तास

मी नागपूरची, सध्या जर्मनीत पदव्युत्तर शिक्षण घेते. इथे हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असते, पण व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात. व्हिसाला उशीर झाल्यामुळे मी नोव्हेंबरात पोहोचले आणि तरीही सत्राला अपेक्षित असलेले ३० श्रेयांक पूर्ण करायचेच, असे ठरवले. पहिल्याच दिवशी दहाच्या व्याख्यानाला पावणेदहाला जाऊन बसले, तर वर्ग रिकामा. वेळापत्रकात वेळेपुढे ‘सी. टी.’ लिहिलेले असेल, तर तास पाव तास उशिरा सुरू होतो, हे शेजारी येऊन बसलेल्या सोलापूरच्या मुलाने सांगितले. मी मनात मराठी बोलत होते की तोंडाने पुटपुटत होते, हे अजून ठाऊक नाही. पण त्याने मराठीतच सांगितले.

खरी मदत पुढे झाली. आपल्याकडे परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला, तर कोणीतरी लिपिक किंवा वर्गप्रतिनिधी हाक मारतो. इथे प्रत्येक विषयाच्या परीक्षेची नोंदणी आपण स्वतः मुदतीत करायची असते, नाहीतर वर्षभर अभ्यास केलेला असूनही परीक्षेला बसता येत नाही. मुदतीच्या आदल्या रात्री त्याने फोन करून सहापैकी चारच विषय नोंदवायला लावले. तीन वेळा अनुत्तीर्ण झाल्यास तो विषय कायमचा जाऊ शकतो, हे त्याने आधीच्या सत्रात जवळून पाहिले होते. मला राग आला होता. चारही विषय सुटले. राहिलेले दोन आता उन्हाळी सत्रात घेतले आहेत, आणि या वेळी नवीन आलेल्या तिघींना मुदतीची आठवण मी करून देते.

रविवारचा वर्ग

माझे वय ४१. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. करते आहे, बारावीनंतर लग्न झाले होते. आमची संपर्कसत्रे रविवारी असतात आणि माझ्या बाकावर एक अंगणवाडी सेविका व एक पोलीस हवालदार असतात. तुमच्यासारखे कट्टे आम्हाला नाहीत. मैत्री होते ती मधल्या सुट्टीत, डबे उघडल्यावर. या सत्राचा बेत आम्ही तिघांनी एकत्र केला : गृहपाठ प्रत्येकाने स्वतः लिहायचा, पण पुस्तकातले घटक वाटून घेऊन एकमेकांना समजावून सांगायचे. हवालदारदादांच्या वाट्याला राज्यशास्त्र आले. गेल्या रविवारी ते बंदोबस्तामुळे आले नाहीत, म्हणून सोमवारी रात्री दहाला त्यांनी चौकीतून फोन लावला आणि आम्हा दोघींना मूलभूत हक्क समजावून सांगितले. मध्येच कोणीतरी तक्रार घेऊन आले, तेव्हा म्हणाले, ‘ताई, कलम एकवीसवर थांबा, आलोच.’ तासाभराने त्यांनी परत फोन केला, तेव्हा सेविकाताई झोपल्या होत्या. पुढचे मीच वहीत उतरवून ठेवले आहे.