मदत हवी आहे: आईबाबा ओटावाला येतायत, बर्फाचा भरवसा नाही

नमस्कार मंडळी, आईबाबा साताऱ्याहून जानेवारीत पहिल्यांदाच येतायत आणि मला त्यांना गोठलेल्या रिडो कॅनॉलवर चालवायचंच आहे, बाबा तर आत्तापासून रोज फोनवर विचारतात बर्फ धरला का. पण 2022-23 मध्ये कॅनॉलवरचा तो 7.8 किमीचा स्केटवे (बर्फावर स्केटिंग करायचा मार्ग) इतिहासात पहिल्यांदाच उघडला नव्हता, साधारण 30 सेंमी चांगला बर्फ लागतो आणि हल्ली मधेच थंडी उतरून पाऊस पडतो. तो पाऊस पडल्या पडल्या गोठतो, फुटपाथ नुसता काचेसारखा, आणि आईचे गुडघे दुखतात, खरी काळजी तीच. बुटांवर चढवायचे खिळेवाले पट्टे वयस्कर माणसांना जमतात का? कॅनॉल बंदच राहिला तर जवळच्या गॅटिनो पार्कात स्नोशूइंग (बुटांखाली रुंद सपाट चौकटी बांधून बर्फावर चालणं) झेपेल का त्यांना? कुणी आईवडिलांना नेलं असेल तर प्लीज सांगा.