मदत हवी आहे: डायल-अपवर पानं लवकर कशी उघडतील? (विंडोज एक्सपीच्या काळातला जुना धागा)

चांदणचुरा
डायल-अप कनेक्शन आहे, म्हणजे मोडेमने फोनच्या तारेवरून लावायचं नेट. एकेक पान उघडेपर्यंत जीव जातो. ब्रॉडबँड घ्या असं कृपया कुणी सांगू नका, आमच्या लाईनवर मिळत नाही, विचारून झालंय. मोडेम ५६ के चा (सेकंदाला ५६ किलोबिटचा) आहे, म्हणजे तिकडे प्रश्न नाही. रोज कॅश साफ करते, टेम्पररी फाइल्स उडवते, तरी ढिम्म. कुठलं तरी सेटिंग असणारच, ते सांगा. शुक्रवारपर्यंत एक ऑनलाइन फॉर्म भरायचाय. जरा लवकर.

बंब्या
ब्रॉडबँड घेऊन टाका, डोक्याला ताप नको.

टिपकागद
बंब्या, धागा वाचा हो आधी.
चांदणचुरा, ऑपरेटिंग सिस्टीम कुठली? ब्राउझर कुठला? मोडेम आतला कार्डवाला की बाहेरचा डबा? कनेक्ट झाल्यावर स्पीड किती दाखवतो? त्याच लाईनवर अजून फोन जोडलेत का? हे कळल्याशिवाय सगळे अंधारात तीर मारणार.
आणि कॅश रोज का उडवताय? एकदा उतरवलेली चित्रं पुन्हा उतरवावी लागू नयेत म्हणून तर ती असते. उलट वाढवा.

अर्धाकप
विंडोज एक्सपी असेल तर अगदी सोपं आहे. विंडोज २० टक्के बँडविड्थ (लाईनची डेटा नेण्याची क्षमता) स्वतःसाठी राखून ठेवतं. रन मध्ये जीपीएडिट (विंडोजची पॉलिसी सेटिंग्ज) उघडा, क्यूओएस पॅकेट शेड्यूलरमध्ये (कुठल्या डेटाला आधी जागा द्यायची ते ठरवणारा भाग) २० चं ० करा. माझं नेट पळायला लागलं.

जुनाखांब
ही अफवा अजून जिवंत आहे का! ते आरक्षण क्यूओएस मागणारा एखादा प्रोग्रॅम चालू असेल तेव्हाच लागू होतं, आणि तो वापरत नसेल तेव्हा ती जागा बाकीच्यांना मोकळीच असते. मायक्रोसॉफ्टनेच तसं स्पष्ट केलंय. शिवाय एक्सपी होममध्ये जीपीएडिट नसतंच.

अर्धाकप
मी स्वतः करून पाहिलंय. तुम्ही वाचलेलं सांगताय.

जुनाखांब
आधी आणि नंतर मोजलं होतं का, की नुसतं वाटलं?

चांदणचुरा
भांडू नका. एक्सपी, फायरफॉक्स, मोडेम आतला. स्पीड ११५.२ केबीपीएस दाखवतो, म्हणजे उत्तमच की! तरी पान उघडत नाही म्हणून तर विचारतेय.

जुनाखांब
तिथेच गोम आहे. ११५.२ हा कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधल्या पोर्टचा वेग. टेलिफोनच्या तारेवरून डेटा किती वेगाने येतो, त्याच्याशी याचा संबंध नाही. ५६ के मोडेम तारेवर ११५ देऊच शकत नाही.
खरा आकडा असा बघा: कंट्रोल पॅनेल, फोन अँड मोडेम ऑप्शन्स, तुमच्या मोडेमचं प्रॉपर्टीज, डायग्नॉस्टिक्स, व्ह्यू लॉग. त्यात 'कनेक्ट' शब्दापुढचा आकडा शोधा. तिथेही ११५२०० च दिसला, तर अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये एक्स्ट्रा इनिशियलायझेशन कमांड्सच्या चौकटीत 'एटी डब्ल्यू२' रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा आणि पुन्हा डायल करा. रॉकवेल आणि कोनेक्झंटच्या चिपवर हे चालतं, इतरांच्या कमांड वेगळ्या असतात.

मिठाचाखडा
डाउनलोड मॅनेजर टाका. फाइलचे आठ तुकडे करून एकदम ओढतो. पिक्चर डाउनलोड करायला एकदम भारी.

टिपकागद
त्यांना पिक्चर नकोय, फॉर्म भरायचाय. आणि अडतंय ते तुमच्या तारेवरच, मग तुकडे आठ करा नाहीतर ऐंशी, त्याच तारेतून येणार. मध्येच लाईन तुटली तर उरलेलं पुढे चालू ठेवता येतं, हा फायदा मात्र खरा.

उंटावरचा
लिंक्स (Lynx) नावाचा ब्राउझर वापरा. १९९२ पासूनचा आहे, फक्त मजकूर दाखवतो. चित्रं नाहीत, जाहिराती नाहीत, फ्लॅशच्या हलत्या चित्रांचा नाच नाही.
अवांतर: मोडेमचा तो किंचाळण्याचा आवाज ज्यांना नकोसा होतो त्यांनी मोडेमला 'एटी एम०' ही कमांड द्या, स्पीकर बंद.

बंब्या
आवाज बंद कशाला? त्यावरून तर कळतं लाईन बरी लागली की नाही. मला ऐकूनच समजतं. (हलके घ्या.)

चांदणचुरा
लॉगमध्ये २६४०० आहे. हे काय आता? मोडेमवर ५६ के लिहिलंय!

जुनाखांब
५६ के (मोडेमचं व्ही.९० हे मानक) मिळायचं तर तुमच्यापासून प्रोव्हायडरपर्यंत अॅनालॉगचं (तारेवरच्या आवाजासारख्या सिग्नलचं) डिजिटल एकदाच व्हायला हवं. वाटेत कुठे दुसऱ्यांदा झालं की मोडेम गुपचूप जुन्या व्ही.३४ वर उतरतो, त्याची कमाल ३३.६ केबीपीएस. एकाच तारेवर दोन जोडण्या बसवलेल्या असतात तिथे २६.४ हमखास दिसतो. तसं असेल तर घरातलं कुठलंही सेटिंग त्याला ५६ के करू शकत नाही.
हिशोब बघा. लॉगमधला २६४०० म्हणजे सेकंदाला २६.४ किलोबिट, म्हणजेच ३.३ किलोबाइट (आठ बिटचा एक बाइट). चित्रांसकट ३०० किलोबाइटचं पान दीड मिनिट घेणार. त्यातला मजकूर ४० किलोबाइट धरला तर तेवढाच १२ सेकंदांत. मोडेम मजकूर जाता जाता दाबून लहान करतो, म्हणून त्याहूनही लवकर. जेपेग चित्र आधीच दाबलेलं असतं, तिथे ही युक्ती चालत नाही. तेव्हा चित्रं बंद करा: टूल्स, ऑप्शन्स, कंटेंट, 'लोड इमेजेस ऑटोमॅटिकली' ची खूण काढा. फ्लॅशब्लॉक आणि अॅडब्लॉक प्लस (फ्लॅश आणि जाहिराती अडवणारे फायरफॉक्सचे जोड) टाका. विंडोजचं आणि अँटीव्हायरसचं आपोआप अपडेट रात्रीवर ढकला, ते मागच्या मागे सगळी लाईन खातं.

टिपकागद
लाईनवरच्या जोडफोनांचं उत्तर राहिलं. सगळी उपकरणं काढा, एक्स्टेंशनची लांब वायर काढा, लाईन घरात शिरते त्या पहिल्या सॉकेटला मोडेम थेट लावून बघा. फोन उचलून कानाला लावल्यावर खरखर येते का?

अर्धाकप
ऑपेरा १० ब्राउझरमध्ये टर्बो नावाची सोय आहे. पान आधी त्यांच्या सर्व्हरवर दाबलं जातं, मग येतं. चित्रं धूसर होतात, पण उघडतात झटकन.

जुनाखांब
या वेळी सहमत. फक्त एचटीटीपीएसची (सुरक्षित) पानं टर्बोतून जात नाहीत, थेट येतात. फॉर्म सुरक्षित पानावर असेल तर फरक पडणार नाही.

चांदणचुरा
हॉलमधला आणि स्वयंपाकघरातला फोन काढला. आता ३१२०० येतंय. चित्रं बंद केली, मजकूर पटकन येतोय. पण फॉर्मच्या शेवटी चित्रातली अक्षरं ओळखून लिहायची असतात, ती दिसत नाहीत. आता?

टिपकागद
त्याच खुणेशेजारी एक्सेप्शन्सचं बटण आहे. त्यात त्या साइटचा पत्ता घालून अलाउ करा. अक्षरांचं चित्र दुसऱ्या पत्त्यावरून येत असेल तर तोही घाला. ऑपेरात चित्राच्या जागी राइट क्लिक करून 'रीलोड इमेज' म्हटलं की तेवढंच एक उतरतं.

मिठाचाखडा
मी मध्येच विचारतो, माझा लॅपटॉप 'नो डायल टोन' म्हणतो, फोनवर तर टोन येतेय. काय करू?

टिपकागद
'वेट फॉर डायल टोन' ची खूण काढा. आणि वेगळा धागा काढा.