व्हिलनव्ह म्हणजे 'नवं शहर'च असं नाही

फ्रान्समध्ये 'व्हिलनव्ह' नावाची बरीच गावं आहेत, आणि त्याचा अर्थ 'नवं शहर' असा सांगतात. अर्धंच बरोबर. लॅटिन 'व्हिला' म्हणजे शेतवाडी. 'शहर' हा अर्थ नंतरचा. अर्थाने आपल्या नवेगावाच्या जवळचं नाव.

अशा नावांचं पीक आलं ते मुख्यतः अकराव्या ते चौदाव्या शतकात. रान तोडून वस्ती बसवायची, तर सरंजामदार करात सवलतीची सनद देत. व्हिलनव्ह-स्यूर-लॉट तेराव्या शतकातलं. फ्रान्सच्या उत्तरेत मात्र 'नवं' हे विशेषण आधी येतं: नव्हिल. हा जर्मानिक (जर्मन, डच यांच्या कुळातल्या) भाषांच्या वळणाचा परिणाम मानतात. पण लीलजवळचं व्हिलनव्ह-दास्क उत्तरेत असूनही व्हिलनव्ह, कारण ते नाव 1970 चं!

आणि व्हिलनव्ह-लेझाव्हिन्योंमधला 'ले' हा फ्रेंचमधला अनेकवचनाचा 'ले' नव्हे. तो लॅटिन 'लातुस' (बाजू) वरून आला, अर्थ 'शेजारी'. इथे हमखास फसतात.