मदत हवी आहे: जाखडीचा मृदुंग १७४ च्या ड्रम अँड बेसमध्ये बसत नाही

खाडीपल्याड (गुहागर)

नमस्कार मंडळी. जाखडीच्या (कोकणातल्या नाचाच्या) मृदुंगाचं आणि घुंगरांचं रेकॉर्डिंग हाताशी आहे, त्यावर ड्रम अँड बेस (१७४ बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १७४ बीटचं डान्स संगीत) करायचा आहे. ठेका केरव्याचा. दोन मात्रांचा एक बीट धरून मोजला तर १३८ बीपीएम भरतो. मृदुंगाचा सूर पांढरी चार, म्हणजे एफ. लॅपटॉप साधा, ८ जीबी रॅमचा, सॉफ्टवेअर रीपर, सिंथ वाइटल. अडचणी अशा:

१७४ ला ताणल्यावर मृदुंग पत्र्यावर वाजवल्यासारखा येतो.

खाली ड्रम टाकले की नुसता गोंधळ होतो, ठेका सापडत नाही.

सब बेस (सगळ्यात खालचा, घुमणारा बेस) एफला ठेवला तर हेडफोनवर मस्त, पण मंडळाच्या १५ इंची टॉपवर (स्पीकर बॉक्सवर) गायब. जीला (पांढरी पाचला) चढवला तर ऐकू येतो, पण सेकंदाला साधारण एकदा वर-खाली हेलकावतो. हेडफोनवर हेलकावा नाही.

पायपेटी

आधी पत्र्याचं बघू. तुम्ही सूर कायम ठेवून वेग वाढवलाय. १३८ वरून १७४ म्हणजे २६ टक्के जलद. सूर न बदलता एवढी लांबी कमी करायची तर सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे करतं, मधले काही टाकतं आणि उरलेले एकमेकांवर चढवून जोडतं. बासरीला हे चालून जातं. मृदुंगाच्या थापेचा जीव पहिल्या काही मिलिसेकंदात असतो, नेमका तोच फाटतो.

रीपरमध्ये क्लिप निवडून एफ-२ दाबा, ‘प्रिझर्व्ह पिच’ची खूण काढा, रेट १.२६१ करा. आता वेगाबरोबर सूरही चढेल, बरोबर चार सेमीटोन (अर्धे सूर). पांढरी चारचा मृदुंग पांढरी सहावर जाईल. चढू दे. या संगीताचा मूळ आवाजच तसा घडलाय. ज्याला ॲमेन ब्रेक म्हणतात तो १९६९ सालच्या एका रेकॉर्डवरचा चार बारचा (बार म्हणजे चार बीट) ड्रम सोलो. द विन्स्टन्स हा बँड, ग्रेगरी कोलमन हा ड्रमर, लय १३७ च्या आसपास. लंडनच्या पोरांनी तो सॅम्पलरमध्ये (आवाजाचा तुकडा साठवून वाजवणाऱ्या यंत्रात) घालून जलद पळवला, तेव्हा ड्रम आपोआप वरच्या सुरात गेले आणि तोच या संगीताचा रंग ठरला.

मग डी दाबून डायनॅमिक स्प्लिट उघडा आणि प्रत्येक थापेवर तुकडा पाडा. तुकडे ग्रिडवर (बीटच्या उभ्या रेघांवर) सरकवा, पण सगळे नकोत. समेची थाप आणि तिसरी-सातवी मात्रा ग्रिडवर, बाकीच्या जिथे वादकाने टाकल्यात तिथेच. सगळ्या सरळ केल्या की मृदुंग मशीन होतो. तुकड्यांच्या टोकांना २ ते ५ मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळू चढ-उतार) द्या, नाहीतर टकटक ऐकू येते.

मूळ फाइल कुठून आली? व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून आली असेल तर ती दाबली गेलेली असू शकते. डॉक्युमेंट म्हणून परत मागवा. आणि फोनने अगदी जवळून घेतलेली असेल, थापेचे शेंडे सपाट कापलेले दिसत असतील, तर त्यावर इलाज नाही, नवीन घ्या. तीन-चार मीटर मागे, लेव्हल उणे १२ डीबीच्या वर जाऊ न देता.

नवखी_वेंगुर्ला

मधेच विचारते, राग मानू नका. ड्रम अँड बेस म्हणजे नुसता जोरात वाजणारा डीजेच का? ऐकायला सुरुवात कुठून करू?

ॲमेनवेडा

ताई, डीजेचा ठोका प्रत्येक बीटवर पडतो, इथे पडत नाही. लंडन, ब्रिस्टल इथल्या रेव्ह पार्ट्यांतून नव्वदीच्या सुरुवातीला आधी ‘जंगल’ नावाचं संगीत निघालं आणि त्यातून हे. लय १६० ते १८०, आता बहुतेक १७४ च्या आसपास. ड्रम १७४ ने धावतात आणि बेस त्याच्या निम्म्याने, ८७ ने चालतो. ऐकताना पाय बेसबरोबर हलवा, ड्रमच्या मागे लागलात तर दमाल.

गोल्डीचा ‘टाइमलेस’ (१९९५) घ्या, त्यातलं शीर्षकाचं गाणं २१ मिनिटांचं आहे, घाईत लावू नका. मग ब्रिस्टलच्या रॉनी साइझ आणि रेप्राझेंटचा ‘न्यू फॉर्म्स’ (१९९७), याला त्याच वर्षी ब्रिटनचं मर्क्युरी प्राइझ मिळालं. आपल्या कानाला सगळ्यात जवळचा तलविन सिंगचा ‘ओके’ (१९९८). माणूस तबलावादक, त्यालाही १९९९ चं मर्क्युरी मिळालं. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काहीही ऐकू नका, अर्धं संगीत त्यात वाजतच नाही.

खाडीपल्याड, तुमच्या गोंधळाचं उत्तरही इथेच आहे. एका बारची १६ घरं करा. टू-स्टेप म्हणजे या संगीताचा साधा ठेका असा: किक (पायाचा जाड ड्रम) १ आणि ११ वर, स्नेअर (कडक वाजणारा ड्रम) ५ आणि १३ वर. केरव्याच्या आठ मात्रांत हे मांडून बघा:

धा – किक
गे
ना – स्नेअर
ती
न – काही नाही
क – किक
धि – स्नेअर
ना

पाचवी मात्रा बघा. केरव्याची खाली तिथे आणि टू-स्टेपची मोकळी जागाही तिथेच. दुसरी किक मात्राभर उशिरा येते, म्हणून बीट पुढे झेपावतो. तुम्ही नववं घर किकने भरलं असणार, बहुतेक जण भरतात. ते काढा. मृदुंगाचा तुकडाही तिथे हलका ठेवा, फार तर घुंगरू राहू दे.

दुसरं, मृदुंगाची डावी बाजू. तिची घुम किक आणि सब दोघांच्या अंगावर येते. मृदुंगाला १५० हर्ट्झच्या खाली कापा. सोलो ऐकलात तर पोकळ वाटेल, सगळ्यांत मिळून बरोबर वाटेल. घुंगरांचा वेगळा ट्रॅक करून ४ किलोहर्ट्झच्या खालचं काढून टाका, हाय-हॅटची (ड्रमच्या झांजांची) गरजच उरणार नाही. खरं सांगायचं तर चाळाचा आवाज कुठल्याही विकतच्या सॅम्पल पॅकपेक्षा भारी बसतो.

मंडप_साऊंड (कणकवली)

हेलकाव्याबद्दल. आधी चार्जर काढून बघलंस काय?

जीचा सब म्हणजे ४९ हर्ट्झ. लाइटीचा गुणगुणाट ५० हर्ट्झ. दोघांत एकाचा फरक, म्हणजे सेकंदाला एक हेलकावा. लॅपटॉपचा चार्जर आणि ॲम्प वेगवेगळ्या बोर्डावर असले की अर्थिंगच्या फेऱ्यातून हा हम आत शिरतो. चार्जर काढून बॅटरीवर वाजव. हम गेला तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स टाक, आवाज जातो पण अर्थिंगचा फेरा तुटतो. ॲम्पची अर्थ पिन मात्र कापू नको, कोणीही सांगितलं तरी. जॅकही बघ. आपल्या खाऱ्या हवेत त्यावर हिरवं चढतं, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून चार वेळा आत-बाहेर कर.

हम जाऊनही हेलकावा राहिला तर दोष तुझ्या सिंथमध्ये.

खाडीपल्याड (गुहागर)

चार्जर काढला, गुणगुणाट गेला. हेलकावा आहे तसाच. वाइटलमध्ये दोन सॉ वेव्ह (करकरीत आवाजाच्या लहरी) आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे, डिट्यून (दोघींच्या सुरातला फरक) ३५ सेंट; १०० सेंटचा एक सेमीटोन.

ॲमेनवेडा

सापडलं. ४९ हर्ट्झला ३५ सेंट म्हणजे बरोबर १ हर्ट्झचा फरक. हेडफोनवर एक वेव्ह एका कानात, दुसरी दुसऱ्या कानात, त्यामुळे त्या भेटत नाहीत. मंडळाचा बॉक्स मोनो, म्हणजे डावं-उजवं एकत्र. तिथे भेटतात, कधी एकमेकींना उचलतात, कधी खाऊन टाकतात.

बेसचे दोन ट्रॅक करा. खालचा: एकच साइन (साधी गोल) वेव्ह, युनिझन १, मधोमध, डिट्यून शून्य. वरचा: तुमच्या दोन सॉ, डिट्यून १० ते १५ सेंट, पण १२० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून. या वरच्या आवाजाला रीस बेस म्हणतात, डेट्रॉइटच्या केव्हिन सॉन्डरसनने १९८८ मध्ये रीस या नावाने काढलेल्या रेकॉर्डवरून. त्याचं घोंगावणं वरच छान लागतं, खाली नको. मास्टरवर मोनोचं बटण ठेवा आणि दर थोड्या वेळाने दाबून ऐका.

मंडप_साऊंड (कणकवली)

एफ का गायब ते सांगायचं राहिलं. एफ म्हणजे ४३.६ हर्ट्झ. बहुतेक १५ इंची टॉप ५०-५५ च्या खाली झपाट्याने उतरतात. आवाज वाढवून तो येत नाही, कोन मात्र फडफडतो आणि शेवटी कॉइल जाते. पायपेटीने सांगितल्याप्रमाणे मृदुंग पांढरी सहावर गेलाय, म्हणजे ए. सबपण एलाच लाव, ५५ हर्ट्झ. सूरही जुळला, बॉक्सही वाजला. ४० च्या खाली हाय-पास (खालचं कापणारा फिल्टर) लाव, २४ डीबीचा. सबवर थोडं सॅच्युरेशन (हलकी विकृती) दे, म्हणजे ११० आणि १६५ वर त्याची सावली पडते आणि लहान स्पीकरवरही सूर कळतो.

अंगणात ट्राय करणार असशील तर रात्री दहाच्या आत. खालचा आवाज भिंतीला जुमानत नाही, तीन घरं सोडून भांडी वाजतात.

पायपेटी

किक आणि सब अजून भांडतील. किक वाजली की बेस क्षणभर दबायला हवा. किकच्या ट्रॅकवरून बेसच्या ट्रॅकला सेंड, चॅनेल १/२ वरून ३/४ वर. बेसवर रीआकॉम्प (रीपरचा आवाज दाबणारा कॉम्प्रेसर), डिटेक्टर इनपुट ऑक्झिलरी. रेशो ४, अटॅक १ ते ३ मिलिसेकंद, रिलीझ ७०, थ्रेशोल्ड असा की ४-५ डीबी दबेल. १७४ ला एक घर ८६ मिलिसेकंदांचं असतं. रिलीझ त्याहून लांब ठेवलात तर बेस पुढच्या घरापर्यंत सावरत नाही आणि सगळं धापा टाकतं.

आणि अपलोड करताना मृदुंगवादकाचं आणि मंडळाचं नाव घाला, त्यांना आधी विचारून. कोलमनचा सोलो जगभर हजारो गाण्यांत वाजला, त्याला त्याचे पैसे कधी मिळाले नाहीत. २००६ मध्ये तो गेला.

खाडीपल्याड (गुहागर)

वादकाला विचारलंय, तयार आहे. नववं घर रिकामं केल्यावर ठेका सापडला. शेवटचं एक, मृदुंग एकटा किती वेळ ठेवू?

ॲमेनवेडा

१७४ ला १६ बार म्हणजे २२ सेकंद. पहिले १६ मृदुंग आणि घुंगरू, पुढचे १६ त्यात नुसते वरचे ड्रम, सब बंद. शेवटच्या बारमध्ये मृदुंगाची तिहाई (तीनदा वाजणारा तुकडा) असेल तर ती अशी बसवा की तिचा शेवटचा धा ड्रॉपच्या, म्हणजे सबसकट सगळं सुरू होतं तिथल्या, पहिल्या किकवर पडेल. त्या एका धाला १५० वालं कापणं लावू नका.