विषय: नव्या बीईओ मॅडम – सत्कार, टॅब की तागडी?

प्रेषक: सचिव

राम राम मंडळी,
गावाकडं आपल्या तालुक्याला नव्या गटशिक्षणाधिकारी (बीईओ) मॅडम रुजू झाल्यात. जि. प. शाळांवर पालकांचा विश्वास बसावा म्हणून परदेशातलं आपलं मंडळ काय करू शकेल, असं त्यांनी विचारलंय. आतापर्यंत सूचना दोनच: ऑनलाइन सत्कार, आणि शाळांना टॅब. नाना, तुमनं काय म्हननं शे?

प्रेषक: नाना

सत्कार नको. साहेब येतो, नारळ फोडतो नि तीन वर्षांत बदलून जातो, हे गावाला पाठ आहे.

मॅडमनी पहिले दोन महिने प्रत्येक शाळेत दोनच वह्या मागाव्यात: व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त आणि पोषण आहाराची चव नोंदवही. कायद्यानं समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या बायका हव्यात. कागदावर त्या असतातच. पण सह्या घरोघर फिरून घेतलेल्या असल्या, तर सदस्य बाईलाच आपण सदस्य आहोत हे माहीत नसतं. म्हणून बैठकीत यादी मोठ्यानं वाचायची. निम्मी खोट तिथंच उघडी पडते.

मग तागडी. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. म्हणजे 40 पोरं हजर असतील तर 4 किलो तांदूळ, 800 ग्रॅम डाळ, 2 किलो भाजी, 200 ग्रॅम तेल. हे आयांच्या समोर मोजायचं, आणि ताटं मोजून हजेरीपटाशी ताडून पाहायचं. संशय भाषणानं जात नाही. सहावी ते आठवीचं माप दीडपट असतं, तिथं गल्लत होते.

तफावत निघाली तरी मुख्याध्यापकाला गावासमोर झापू नये. झापलं की पुढच्या भेटीला वह्या चकाचक होतात आणि खरं कुणी बोलत नाही. ते ऑफिसात, लेखी.

तक्रारीला नंबर आणि तारीख द्यायची, 15 दिवसांत, जिथं तक्रार घेतली त्याच ओट्यावर उत्तर. उत्तर 'नाही' असलं तरी चालेल. खोली बांधणं किंवा नवा शिक्षक देणं बीईओच्या हातात नसतं. तिथं 'बघते' म्हणू नये. वर पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक फळ्यावर लिहावा.

प्रेषक: अक्का

नाना, बैठकीची वेळ राहिली. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी 12 ला कोण येईल? बाजाराच्या दिवशी सकाळी मजूर घरी असतो, तेव्हा लावा. सातपुड्यातल्या पाड्यांवर तर दिवाळीच्या आतच, कारण नंतर ऊसतोडीला गुजरातेत निघालेलं घर भोंगऱ्या (होळीआधीचा आदिवासी बाजार)-होळीपर्यंत दिसत नाही. सोबत जाणाऱ्या पोरांना निघण्याआधीच शिक्षण हमी कार्ड द्यायला हवं. ते नसलं की तिकडच्या शाळेत अडतं आणि इकडं पोर पटावर नुसतं 'सतत गैरहजर' राहतं.

भाषाही बघा. सपाटीवरच्या गावांत अहिराणी चालेल, पाड्यांवर पावरी (पावरा आदिवासींची बोली) बोलणारं माणूस सोबत लागेल. दुभाषा गुरुजींनाच केलं, तर गुरुजींचीच तक्रार कोण सांगणार?

टॅबचं म्हणाल, तर आधी शाळेचं वीज मीटर चालू आहे का ते विचारा. थकलेल्या बिलापायी कनेक्शन तोडलेल्या शाळा कमी नाहीत.

प्रेषक: खजिनदार

पैशाचं स्पष्ट सांगतो. भारतीय पासपोर्टवाल्यानं स्वतःच्या बचतीतून दिलं तर ते विदेशी देणगीत मोडत नाही. ओसीआयवाल्यानं (भारतीय वंशाचा, पण परदेशी नागरिक) दिलेलं मोडतं, आणि आपलं मंडळ इथं नोंदलेलं असल्यानं मंडळाचंही मोडतं. घेणाऱ्या संस्थेकडं एफसीआरए (विदेशी देणगी कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेत खातं लागतं. 2020 पासून एका संस्थेनं ते पैसे दुसरीकडं वळवणंही बंद आहे. मुख्याध्यापकाच्या खासगी खात्यावर तर एक रुपयाही नको, उद्या त्या बिचाऱ्याचीच चौकशी लागेल.

प्रेषक: नाना

अक्कांचं बरोबर, वेळेचं मी विसरलो. सचिव, मॅडमना कळवा: टॅब नको, सत्कार नको. पावरी जाणणारी दोन माणसं आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची पाडेवार यादी आपल्या गावाकडच्या लोकांकडून मिळवून देऊ. यादी दसऱ्याच्या आत हवी.