राजाश्रित, मांडलिक की सरकारी? शब्द सुचवा

चाटीगल्ली
सोलापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी बार्मेनच्या घोषणापत्राचा मराठी तर्जुमा चालू आहे. हिटलरच्या जर्मनीत चर्चवरच्या नाझी पकडीला विरोध करणाऱ्या ख्रिस्त्यांचं ते निवेदन. मे १९३४, ईश्वरविज्ञानी कार्ल बार्ट हे मुख्य लेखक, एकूण सहा कलमं. प्रत्येक कलमाची ठेवण सारखी: आधी शास्त्रवचन, मग 'आम्ही हे मानतो', मग 'ही खोटी शिकवण आम्ही नाकारतो'. पाचवं कलम अडलं आहे, कारण त्यात दोन नकार आहेत. पहिला असा की राज्यसंस्थेने आपलं नेमलेलं काम ओलांडून माणसाच्या सगळ्या जगण्याची एकमेव व्यवस्था होऊ नये. दुसरा असा की चर्चने राज्यसंस्थेचा ढंग, तिची कामं आणि तिचा मान स्वतःकडे घेऊन तिचा अवयव बनू नये.

या दुसऱ्या दोषाला एक शब्द हवा आहे. 'राजाश्रित चर्च' लिहिलं, तर वाचणाऱ्यांना त्यात दोषच दिसेना. गाण्याला राजाश्रय मिळाला, पैलवानांना राजाश्रय मिळाला, हे आपण कौतुकानेच म्हणतो.

शुद्धलेखक
'सत्ताश्रयी' घ्या. आश्रित म्हणजे ज्याला आश्रय मिळाला तो, आश्रयी म्हणजे जो आश्रय धरतो तो. कर्तेपण चर्चकडे राहतं आणि तुमचा दोष नेमका तिथेच आहे. दुसरं म्हणजे 'चर्च' शब्द कशाला? मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, 'मंडळी' असताना उसना शब्द नको.

रेल्वेलाईन्स
शुद्धलेखक सर, इथे 'मंडळी' चालणार नाही. रंगभवनाजवळचं फर्स्ट चर्च ही वास्तू आणि संस्था, तिथे जमतात ती मंडळी. सोलापुरात हा फरक पोरांनाही कळतो. नव्या करारातला ग्रीक शब्द एक्लेसिया म्हणजे बोलावून जमवलेली माणसं, त्याला 'मंडळी' चोख बसतं. तेलुगू भाविक त्यालाच 'संघमु' म्हणतात, कन्नड 'सभे'. पण बार्मेन बोलतं ते घटना, बिशप, निवडणुका आणि पगार असलेल्या संस्थेबद्दल. २३ जुलै १९३३ ला त्या संस्थेत निवडणुका झाल्या. आदल्या रात्री हिटलर रेडिओवरून चर्चमधल्या नाझीधार्जिण्या 'जर्मन ख्रिस्ती' गटाच्या बाजूने बोलला आणि त्या गटाने बहुतेक ठिकाणी बहुमत मिळवलं. सप्टेंबरात त्या गटाचा लुडविग म्यूलर राइशबिशप, म्हणजे साऱ्या देशाच्या चर्चचा बिशप झाला. यात दबाव होता, पण मतं टाकली ती सभासदांनीच. 'सत्ताश्रयी'त एवढं सगळं मावत नाही. आश्रय निराधार माणूस मागतो. त्या चर्चला इमारती होत्या, कर होता, कोट्यवधी सभासद होते.

होटगीरोड
मग सरळ मराठी बोला ना: सत्तेच्या वळचणीला गेलेलं चर्च. पेपरवाले रोज वापरतात.

रेल्वेलाईन्स
वळचण म्हणजे पागोळ्या पडतात ती जागा. तिथे उभा राहणारा घराबाहेरच असतो. बार्मेनचा आक्षेप उलट आहे: चर्च घरात शिरून मालकाच्या खुर्चीत बसलं. 'ढंग, कामं आणि मान' हे तिन्ही शब्द पुन्हा वाचा.

होटगीरोड
मग 'मांडलिक'. आणि व्युत्पत्ती बघा की: मंडळी आणि मांडलिक दोन्ही 'मंडल'वरून. जमलेल्यांचं वर्तुळ ते मंडळी. साम्राज्याचा एक प्रांत होऊन बसला तो मांडलिक. एकाच मुळात आज्ञापालन आणि अधःपतन दोन्ही सापडतात. 'मांडलिक मंडळी' असा शब्दच तयार आहे!

शुद्धलेखक
मूळ एक म्हणून अर्थ जुळत नाही. मांडलिक लढाई हरतो, मग खंडणी भरतो. इथे लढाई झालीच नव्हती, हे रेल्वेलाईन्स यांनीच सांगितलं. शिवाय खंडणी मांडलिकाकडून वर जाते, इथे पैसा वरून खाली येतो. मिंधेपणा म्हणा हवं तर. उपकाराखाली मान वर होत नाही तो मिंधा. पण हल्ली राजकीय टोमण्यांनी त्या शब्दाचं पार पोतेरं केलंय, गंभीर तर्जुम्यात तो टिकणार नाही याचं वाईट वाटतं.

किर्लोस्करवाडी
पैशाचा मुद्दा निघालाच आहे तर डॅनिश तत्त्वज्ञ कीर्केगार्द आठवा. डेन्मार्कात पाळक हे राजाचे नोकर, पगार सरकारी, बढती सरकारी. तिथले प्रमुख बिशप मिन्स्टर वारले, तेव्हा ईश्वरविज्ञानी मार्टेन्सन यांनी प्रवचनात त्यांना 'सत्याचा साक्षी' म्हटलं. डिसेंबर १८५४ पासून कीर्केगार्द यांनी जो हल्ला चढवला तो याच एका शब्दावर. साक्षी म्हणजे जो सत्यासाठी दारिद्र्य, अपमान, मार सोसतो. सन्मानाने निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याला तो शब्द लावला की नव्या करारातला शब्दच खोटा पडतो, हा त्यांचा मुद्दा.  तेव्हा दोषाला शब्द शोधताना चांगले शब्द कुणी बळकावले तेही पाहा.

वसईकर
कॅथलिक बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहितो. 'पाद्रोआदो' हा पोर्तुगीज शब्द आमच्या भागात शतकानुशतकं होता: बिशपपदासाठी नाव सुचवण्याचा हक्क राजाचा, बदल्यात मिशनचा खर्च राजाचा. त्यात काय बिघडतं ते रोमने वेळीच ओळखलं. राजाचं आरमार दुबळं झालं की बिशपांच्या जागा रिकाम्या पडतात आणि राजाशी भांडण झालं की धर्मप्रांत अडकतो. म्हणून १६२२ साली मिशनकामासाठी प्रोपागांडा फिदे हे रोमचं वेगळं खातं काढलं. मुंबईत मग दोघांचे बिशप समोरासमोर बसले. या प्रकाराला मराठीत 'आश्रयदातृत्व' म्हणतात, पण 'वतन' जास्त बरोबर. हक्क आणि चाकरी एकत्र, पिढ्यान्‌पिढ्या.

चाटीगल्ली
वतन आवडलं. पण वतनदार चर्च म्हटलं की वाचकाला जमीनजुमला दिसेल. 'सरकारी चर्च' एवढं साधं ठेवलं तर?

रेल्वेलाईन्स
'सरकारी' शब्दाला इथे नेमका अर्थ आहे, तो सैल करू नका. ब्रिटिश अमलात अँग्लिकन आणि स्कॉटिश चर्चच्या चॅप्लेनांचा (सरकारने नेमलेल्या पाळकांचा) पगार हिंदुस्थानच्या महसुलातून जायचा. १९२७ च्या कायद्याने अँग्लिकन चर्चचं ते कायदेशीर नातं तोडलं, अंमल १ मार्च १९३० पासून. सरकारी चर्च ते. सोलापूर-नगरकडे आलेलं अमेरिकन मराठी मिशन त्यात नव्हतं. मात्र ज्या मॅसॅच्युसेट्समधून ते निघालं, तिथे त्यांच्याच काँग्रेगेशनल चर्चसाठी १८३३ पर्यंत गावाचा कर वसूल होत होता, आणि दुसऱ्या पंथाच्या बाप्टिस्टांनी तो भरायला नकार देऊन मालमत्ता जप्त करून घेतली. म्हणजे टीकाही ख्रिस्ती, ज्यांच्यावर टीका तेही ख्रिस्तीच. १८५४ नंतर मिशनशाळांना सरकारी ग्रँट सुरू झाली, ती वेगळी गोष्ट. ग्रँटीला अटी होत्या, तपासनीस होता, पण उपासनेवर हुकूम नव्हता.

होटगीरोड
उपासनेवर हुकूम नव्हता, पण कामावर? सेटलमेंटचं काय?

शुद्धलेखक
सेटलमेंट म्हणजे वसाहत. मराठी शब्द आहे, वापरा.

होटगीरोड
वसाहत नव्हे ओ! सोलापुरात 'सेटलमेंट' म्हटलं की एकच जागा. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली, म्हणजे जमातीवरूनच गुन्हेगार ठरवून ठेवलेली माणसं, तारेचं कुंपण, रोजची हजेरी, बाहेर जायचं तर पास. कुंपणाबाहेरच्या वस्तीला 'फ्री कॉलनी' म्हणत, आणि ते नाव पत्त्यात आजही आहे. १९५२ साली कायदा रद्द झाला, म्हणून तर 'विमुक्त' शब्द आला. 'वसाहत' लिहिलंत तर तार गायब होते.

आता चर्चचा संबंध. अशा सेटलमेंटी चालवायला सरकारने मिशनांना आणि सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेला बोलावलं. आंध्रातल्या स्टुअर्टपुरम सेटलमेंटला तर मद्रास सरकारच्या अधिकाऱ्याचंच नाव. कैद्याची हजेरी घेणारा आणि रविवारी प्रार्थना घेणारा एकच माणूस, म्हणजे बार्मेनच्या दुसऱ्या नकारातली 'राज्यसंस्थेची कामं' हीच की. त्या मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने चालवले, हे खरं. पण ज्याच्या हाती पास, त्याच्या तोंडची सुवार्ता कुंपणातल्या माणसाने मोकळ्या मनाने कशी ऐकावी?

शुद्धलेखक
मान्य. 'सेटलमेंट' ठेवा. पण हा अपवाद.

किर्लोस्करवाडी
होटगीरोड यांच्या शेवटच्या वाक्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. एकाच हातात पास आणि सुवार्ता. एकशब्दी विशेषणाचा हट्ट सोडा. क्रियापद घ्या: चर्चने स्वतःला 'सत्तेच्या दावणीला बांधून घेतलं'. 'घेतलं'मध्ये इच्छा आहे, दावणीत वैरणही आहे.

रेल्वेलाईन्स
पण मान? दावणीच्या जनावराला राज्यसंस्थेचा मान मिळत नाही.

वसईकर
मुळात 'राज्यसंस्था' तरी कशाला? 'राज्य' लिहा.

चाटीगल्ली
'राज्य' लिहिलं होतं, तिथेच दुसरी अडचण आली. त्याच कलमात पुढे चर्च 'देवाच्या राज्याची' आठवण करून देतं असं आहे. आणि महाराष्ट्र हेही राज्य. एका परिच्छेदात तीन राज्यं होतात.

रेल्वेलाईन्स
जर्मनमध्येही तो गोंधळ होता आणि तो मुद्दाम वापरला गेला. 'राइश' म्हणजे राज्य: देवाचं 'राइश', हिटलरचं तिसरं 'राइश', राइशबिशप, राइशकिर्ख (राइशचं चर्च). शब्द एकच असल्याने प्रार्थनेतल्या 'तुझे राज्य येवो'वर दुसरं राज्य सहज बसवता येत होतं. बार्मेनने दोन शब्द वेगळे ठेवले: सरकारसाठी 'श्टाट', देवासाठी 'राइश'. तुम्हीही वेगळेच ठेवा. 'राज्य' देवाला, 'राज्यसंस्था' सरकारला, पूर्ण तर्जुम्यात एकदाही अदलाबदल नको. वचनही पाहा. तिथे सत्तेच्या अधीन राहा असं सांगणारा, पौलाच्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय घेतलेला नाही. पेत्राचं पहिलं पत्र २:१७ घेतलंय: देवाचं भय, राजाला मान. क्रियापदं दोन आहेत. भय राजाला दिलेलं नाही.

किर्लोस्करवाडी
तेरावा अध्याय कुठे वापरला गेला ते दक्षिण आफ्रिकेतल्या ख्रिस्त्यांनी १९८५ साली वर्णभेदाविरुद्ध काढलेल्या कैरोस दस्तऐवजात वाचा. त्यात 'राज्यसंस्थेचं ईश्वरविज्ञान', 'चर्चचं ईश्वरविज्ञान' आणि 'संदेष्ट्यांचं ईश्वरविज्ञान' असे तीन भाग आहेत. पहिल्यावर आरोप असा की तेरावा अध्याय संदर्भ सोडून वाचला, 'कायदा व सुव्यवस्था' हा शब्द अन्यायी कायद्यालाही लावला आणि विरोध करणाऱ्याला कम्युनिस्ट ठरवलं. दुसऱ्यावरचा आरोप जास्त झोंबतो: न्यायाआधीच 'समेट' मागितला.

शुद्धलेखक
'समेट' नको. 'समन्वय' म्हणा.

किर्लोस्करवाडी
समन्वय तत्त्वांचा होतो, भांडणाचा समेटच. आणि मराठी शास्त्रातला 'समेट' बदलायला निघालात तर पौलाची अर्धी पत्रं पुन्हा लिहावी लागतील.

होटगीरोड
तेराव्या अध्यायातलं 'अधीन' घ्या की मग! अधि आणि इन, इन म्हणजे स्वामी. 'सत्ताधीन चर्च'.

रेल्वेलाईन्स
ग्रीकमध्ये तिथे हुपोतासो आहे, म्हणजे रचनेत खालच्या जागी राहणं. ऐकणं, आज्ञा पाळणं याला वेगळं क्रियापद आहे, हुपाकुओ. पौलाने तिथे ते वापरलेलं नाही. म्हणून कैद पत्करूनही माणूस 'अधीन' असू शकतो, आणि 'माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे' या प्रेषितांची कृत्ये ५:२९ शी त्याचा झगडा होत नाही. 'सत्ताधीन' शब्द दोषासाठी वापरलात तर पौलाने सांगितलेली गोष्टच दोष ठरते.

वसईकर
नारायण वामन टिळकांनी १९१७ च्या सुमारास मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्ती बंधुसंघ काढला. फारसी शब्द, राजाचा शब्द, आणि ठेवला देवासाठी.

शुद्धलेखक
टिळक कवी होते, त्यांना मुभा. तर्जुम्यात दरबार नको.

होटगीरोड
का नको? 'दरबारी चर्च'! दरबारात मान आहे, चाकरी आहे, आणि दरबारी माणूस आपल्या पायाने जातो.